कीर्द आईच्या साखरेची

धुळ्याच्या बाजार समितीत माझ्या वडिलांची धान्याची अडत होती. दिवेलागणीनंतर ते कीर्द लिहायला बसत, तेव्हा घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. दिवसभरात जे घडलं ते घडलं त्याच क्रमानं कीर्दीत उतरायचं. खतावणी, म्हणजे खात्यांनुसार मांडणी, मग सवडीनं. कीर्द चुकली तर खतावणी कितीही सुबक असो, ती वाया, असं ते म्हणत. पुढे मी जळगावला सासरी आले, डाळमिलवाल्यांसाठी आणि किराणा व्यापाऱ्यांसाठी हिशोबाचे प्रोग्रॅम लिहू लागले आणि वडिलांचं ते बोलणं रोज कामी आलं. आईच्या मधुमेहाचा डेटाबेस करायला घेतला तेव्हा मात्र मी ते विसरले. त्याचा त्रास आईला झाला, म्हणून हे लिहिते आहे.

2018 च्या दिवाळीनंतर आईला इन्सुलिन सुरू झालं. ती धुळ्याच्या देवपुरात दादा-वहिनीकडे असते आणि वर्षातले चार-पाच महिने माझ्याकडे. घरं दोन, यंत्रं दोन, लॅब दोन, आणि मधे पारोळा-एरंडोलवरून जाणारा नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. साखरेचे आकडे एका जुन्या डायरीत लिहिले जात. दादा ते फोनवर सांगायचा, मी एक्सेलमध्ये भरायची. 2019 मध्ये मी ते सगळं एसक्यूलाइटमध्ये आणलं. हा डेटाबेस म्हणजे एकच फाइल असते, सर्व्हर लागत नाही, फोनमध्ये मावते. आयसीएमआर-इंडियाबचा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या कितीतरी घरांत अशी एखादी डायरी असेल आणि ती कॉम्प्युटरवर चढवणारं कुणीतरी असेल. त्यांच्यासाठी माझे हे अनुभव.

1. दिवसाची एक ओळ करू नका

माझ्या पहिल्या टेबलाचे रकाने असे होते: तारीख, सकाळची साखर, दुपारची, रात्रीची, सकाळचा डोस, रात्रीचा डोस, शेरा. डायरीचं पान जसंच्या तसं. जानेवारीत एका पहाटे तीन वाजता आई घामाघूम होऊन उठली, हात थरथरत होते. दादानं मोजली तर 58. साखरेचं पाणी दिलं. पंधरा मिनिटांनी 79, अर्ध्या तासानं 104. हे तीन आकडे माझ्या टेबलात कुठे बसणार? मी ते शेऱ्यात कोंबले. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं, "रात्री साखर कितीदा उतरली?" उत्तर माझ्याकडे होतं, पण ते वाक्यांत अडकलेलं होतं. मला शेरे एकेक वाचत बसावं लागलं आणि त्यातला एक प्रसंग सुटलाच.

आता एका घटनेची एक ओळ. घटनांची चार टेबलं आहेत: मोजणी, औषध, खाणं, त्रास. प्रत्येक ओळीत कुणाची नोंद, केव्हा घडलं, कुणी लिहिलं आणि लिहिलं केव्हा. दिवसातून एकदा मोजा नाहीतर नऊदा, रकाने वाढत नाहीत, ओळी वाढतात. मधे मी आणखी एक चूक केली होती. प्रत्येक मोजणी कुठल्यातरी जेवणाला जोडलेली असलीच पाहिजे, अशी सक्ती घातली होती. पहाटेच्या तीनला कुठलं जेवण? सक्ती काढली. कशानंतर काय झालं हे वेळेवरून कळतं, ते जुळवणं खतावणीचं काम.

2. उपाशी आणि उपास

एका एकादशीला आईचा तिच्या अहिराणीत फोन आला. "आज 214 ऊनी. उपाशी शे मी." मी 214 'उपाशीपोटी'मध्ये टाकली आणि घाबरून दादाला फोन केला. संध्याकाळी उलगडा झाला. तिचा उपास होता, आणि मोजण्याआधी दीड तास साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती. तिच्या भाषेत ती उपाशीच होती. वैद्यकशास्त्राच्या भाषेत उपाशीपोटी म्हणजे पाण्याखेरीज काहीही न घेता किमान आठ तास.

श्रावणात, नवरात्रात, चतुर्थीला अशा किती नोंदी चुकीच्या खणात गेल्या असतील, ते आता शोधता येत नाही. त्यानंतर मी 'उपाशी' हा शब्दच काढला. नोंदींसाठी मी केलेलं अ‍ॅप आता विचारतं, "शेवटचं काय खाल्लं आणि केव्हा?" उपाशीपोटी की जेवणानंतर, हे त्या उत्तरावरून डेटाबेस ठरवतो. 'जेवणानंतर दोन तास'चंही तसंच. ते दोन तास पहिल्या घासापासून धरतात. आमच्याकडे मात्र हात धुतल्यापासून धरत होते, आणि आईचं जेवण चांगलं पाऊण तास चालतं.

3. वेळेची खात्री वेगळी लिहा

जुन्या डायरीत 'सकाळ', 'रात्र' एवढंच होतं. चढवताना मी सगळ्या सकाळींना सातची वेळ देऊन टाकली. वर्षानं आलेख काढला तर आईची सकाळ घड्याळाच्या ठोक्याला उगवत होती. ते खरं नव्हतं, माझ्या हातचं होतं.

ही चूक माझी एकटीची नाही. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून 70 मधुमेहींच्या नोंदी 1994 च्या एका परिसंवादासाठी संशोधकांना दिल्या गेल्या. विद्यार्थी आजही त्यांवर हात बसवतात. काही नोंदी यंत्राच्या घड्याळातून आलेल्या, काही कागदावरच्या. कागदावर न्याहारी, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण आणि झोप एवढेच प्रसंग होते. त्यांना सरसकट सकाळचे 8, दुपारचे 12, संध्याकाळचे 6 आणि रात्रीचे 10 अशा वेळा दिल्या गेल्या. पण त्यांनी तसं माहितीसोबत स्वच्छ लिहून ठेवलं, त्यामुळे वाचणारा फसत नाही. मी ते लिहिलं नव्हतं. आता वेळेशेजारी एक छोटा रकाना आहे: घड्याळाची, अंदाजाची, की नुसता प्रसंग.

यंत्राच्या घड्याळावरही डोळे झाकून विश्वास नको. आमच्या एका यंत्राचा सेल बदलल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे गेली आणि तीन आठवड्यांच्या मोजण्या आईला मधुमेह होण्याच्या आधीच्या काळात जाऊन बसल्या. यंत्रानं सांगितलेली वेळ आणि फोननं नोंदलेली वेळ, दोन्ही ठेवा.

4. एकक आकड्याला शिवून टाका

डेटाबेसच्या चुकीनं जिवावर बेतू शकतं ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटलीत साधारणपणे एका मिलिलिटरला 40 युनिट असतात, तर पेनच्या कार्ट्रिजमध्ये 100. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात, 40 च्या खुणांची लाल टोपणाची आणि 100 च्या खुणांची नारिंगी टोपणाची. 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजनं त्याच खुणेपर्यंत ओढलं तर डोस अडीचपट होतो. उलट केलं तर निम्म्याहूनही कमी पडतो. धुळ्याला आई बाटली-सिरिंज वापरायची, जळगावला मी पेन घेतलं होतं. डायरीत 'सकाळी 20' लिहिलेलं असे. ते वीस युनिट होते की सिरिंजवरची विसाची खूण? आणि सिरिंज कुठली? एकदा पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून सिरिंजनं ओढायचा विचार घरात निघाला, तेव्हा या प्रश्नानं माझ्या अंगावर काटा आला. आम्ही ते केलं नाही. डॉक्टरांना फोन केला आणि दुकानातून नवं पेन आणलं.

तेव्हापासून औषधाच्या टेबलात नुसता आकडा जात नाही. किती युनिट, कुठलं इन्सुलिन, बाटली की पेन, तीव्रता 40 की 100, हे सगळं भरल्याशिवाय ओळ बसतच नाही. ही सक्ती मात्र मी कधीच काढणार नाही.

दुसरा प्रसंग साखरेच्या एककाचा. माझा भाचा लंडनहून यंत्र घेऊन आला. आईनं मोजलं, फोनवर सांगितलं, "7.2." दादाला वाटलं हा तीन महिन्यांच्या साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडा, आणि तो खूश झाला. तिकडची यंत्रं मिलिमोलमध्ये दाखवतात. 18 नं गुणलं की आपले मिलिग्रॅम मिळतात. म्हणजे ते 130 होते, त्या क्षणाचे. एचबीएवनसी 7.2 टक्के असता तर तीन महिन्यांची सरासरी साधारण 160 निघाली असती. आकडा एकच, अर्थ दोन. आता जो आकडा आला तो त्याच्या मूळ एककात ठेवते, आणि मिलिग्रॅममध्ये करायचा तो दाखवताना करते.

5. रिकामं म्हणजे शून्य नाही, आणि सगळी रिकामी सारखी नाहीत

2019 ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि जुलैत एचबीएवनसी केली. माझ्या आलेखानुसार तीन महिन्यांची सरासरी 148 होती. मी ती दाखवून आईची पाठही थोपटली होती. रिपोर्ट आला 9.1. रूढ सूत्र असं की 28.7 नं गुणायचं आणि 46.7 वजा करायचे. त्या हिशोबानं सरासरी 214 येते. मला वाटलं लॅब चुकली. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा केली. जवळपास तेच.

मग ओळी मोजल्या. तीन महिन्यांत 71 मोजण्या, त्यातल्या 63 सकाळच्या. जेवणानंतरच्या फक्त आठ. आखाजीच्या आसपास तर अकरा दिवस एकही नोंद नव्हती. माहेरवाशिणी आलेल्या, खापरावरचे मांडे, आमरस. त्या दिवसांत आईनं मोजलंच नव्हतं. सरासरी काढणारी आज्ञा रिकाम्या जागा गपचूप वगळते आणि उरलेल्या चांगल्या दिवसांची सरासरी देते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं, मलाही होतं. पण ती आईची सरासरी होती आणि मला ती चांगलीच हवी होती.

त्या दिवशी मी आईला विचारलं, का मोजलं नाहीस? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू रागे भरशी म्हणून." माझ्या अ‍ॅपमध्ये 180 च्या वरचा आकडा लाल होत असे आणि 'जास्त आहे' अशी पाटी येत असे. दादाच्या फोनवर ती लाल पाटी सगळ्या घरादेखत उजळायची. आई मोजायची थांबली याचं कारण माझ्या डिझाइनमध्ये होतं.

लाल रंग त्याच रात्री काढला. रिकाम्या जागेला कारणं दिली: मोजली नाही, पट्ट्या संपल्या, लिहायचं राहिलं, यंत्रानं 'लो' किंवा 'हाय' दाखवलं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. पुष्कळ यंत्रं 20 च्या खाली आकड्याऐवजी 'लो' दाखवतात आणि 600 च्या वर 'हाय'. तिथे शून्य भरणंही चूक आणि रिकामं सोडणंही चूक, कारण सगळ्यात धोक्याची मोजणी तीच. डोसाचंही तसंच. 'घेतला नाही' आणि 'लिहिला नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि सरासरी आता एकटी कधीच दिसत नाही. तिच्याशेजारी किती मोजण्या आणि दिवसाच्या कुठल्या वेळच्या, हे असतंच.

6. मूळ आकडा खोडू नका

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. वडील मला लहानपणी तिथे घेऊन गेले होते. इतिहासाचार्य राजवाडे 1926 मध्ये धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या या संस्थेत जुने कागद जपलेले आहेत. त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड काढले. अस्सल कागद आधी छापायचा, आपलं मत वेगळं मांडायचं, ही शिस्त मला हिशोबाच्या धंद्यात पटली होती. कीर्दीतही खोडाखोड चालत नाही, चुकीची उलट नोंद करतात.

मे महिन्यात आई रसासाठी आंबे सोलत होती. तशाच हातानं मोजलं तर 312. साबणानं हात धुऊन, पुसून पुन्हा मोजलं तर 168. बोटावरचा फळाचा रस आकडा फुगवतो. पूर्वी मी 312 पुसून टाकली असती. आता दोन्ही ओळी आहेत. पहिलीला 'ग्राह्य नाही, बोटाला आंबा' अशी जोड आहे आणि ती कुणी, केव्हा दिली हेही आहे. आकडा आवडला नाही म्हणून पुसण्याचा मोह दादाला, मला, आईला, तिघांनाही होतो. पुसायची सोयच ठेवली नाही की तो प्रश्न मिटतो.

7. यंत्र, पट्टी आणि ऊन

एकाच वेळी दोन यंत्रांवर 182 आणि 197 आले म्हणून भांडू नका. आयएसओ 15197 हे 2013 चं मानक म्हणतं की शंभरातल्या 95 मोजण्या प्रयोगशाळेच्या आकड्यापासून 15 टक्क्यांच्या आत असाव्यात, आणि साखर 100 च्या खाली असेल तर 15 मिलिग्रॅमच्या आत. म्हणून प्रत्येक मोजणीत यंत्राचं नाव आणि पट्ट्यांच्या डबीचा लॉट नंबर लिहितो. जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, आणि बहुतेक डब्यांवर 30 च्या आत ठेवा असं छापलेलं असतं. एकदा एक डबी दुपारभर गाडीत राहिली. त्या डबीचे आकडे पुढे वेगळे काढता आले ते लॉट नंबरमुळेच. इन्सुलिनची बाटली फोडल्याची तारीखही लिहा. बरीच इन्सुलिनं फोडल्यावर साधारण चार आठवड्यांत संपवावी लागतात. पत्रक वाचा.

8. खाणं आपल्या शब्दांत

पहिल्यांदा मी परदेशी अ‍ॅपमधली खाद्ययादी उचलली. त्यात कळण्याची भाकरी नव्हती, बिबडे नव्हते, डुबुकवड्या नव्हत्या. वहिनी 'रोटी' निवडून मोकळी व्हायची. मग घरच्या पदार्थांचं वेगळं टेबल केलं. नोंदीत शब्द जसाच्या तसा जातो, 'दीड भाकरी, भरीत, चिमूटभर ठेचा', आणि कर्बोदकांचा अंदाज त्या पदार्थाच्या टेबलात राहतो. अंदाज सुधारला की मागच्या सगळ्या जेवणांचा हिशोब आपोआप सुधारतो. भाकरी कुणाची हेही लागतं. काट्यावर तोललं तेव्हा वहिनीच्या एका भाकरीला 80 ग्रॅम पीठ निघालं, माझ्या भाकरीला 55. आई धुळ्याहून आली की माझ्याकडे साखर 'सुधारायची', त्याचं बरंचसं श्रेय माझ्या लहान परातीला होतं.

9. वजनासोबत कंबर

आई सडपातळ. "एवढी बारीक, हिला कुठून साखर?" असं नातेवाईक म्हणत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचं उत्तर वर्षानुवर्षं शोधलं. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्यासोबत स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. हे वाचल्यापासून आमच्या टेबलात महिन्यातून एकदा कंबरेचं माप आहे.

10. बेरजा साठवू नका

सरासरी, चढउतार, आठवड्याचा गोषवारा ही खतावणी. ती दर वेळी कीर्दीतून नव्यानं काढा. मर्यादाही प्रोग्रॅममध्ये पक्क्या लिहू नका. आईचं वय वाढलं तसं डॉक्टरांनी लक्ष्य सैल केलं. मर्यादेला 'या तारखेपासून' हा रकाना असल्यामुळे जुने दिवस जुन्या मर्यादेनं आणि नवे नव्यानं पाहता आले.

11. डॉक्टरांना एक पान

मी सुरुवातीला नऊ पानी रंगीत अहवाल नेत असे. बाहेर बाकावर तीस माणसं बसलेली, डॉक्टर तो उलटून बाजूला ठेवत. आता एकच पान, काळ्या शाईत. उभ्या चौदा तारखा, आडव्या दिवसाच्या वेळा, चौकटीत आकडे, खाली डोस. 2020 च्या टाळेबंदीत आई धुळ्यात अडकली आणि मी जळगावात. जिल्ह्याची हद्द ओलांडता येत नव्हती. तेव्हा हेच पान फोनवर पाठवलं. पहाटेच्या रकान्यात 61, 66, 58 असे तीन आकडे एकाखाली एक आले होते. डॉक्टरांनी ते पाहून रात्रीचा डोस कमी केला. एरवी सकाळच्या 150-160 कडे पाहून मला तो वाढवावासा वाटत होता. डोस आपण ठरवायचा नसतो हे माहीत असूनही वाटत होतं.

ज्या घरच्या मोजण्यांवर हे पान उभं आहे त्यांची वाट दाखवली ती रिचर्ड बर्नस्टीन या अमेरिकन इंजिनिअरनं. ते स्वतः मधुमेही होते. 1969 मध्ये साखर मोजायचं यंत्र रुग्णाला विकत मिळत नसे, म्हणून त्यांनी ते डॉक्टर पत्नीच्या नावावर घेतलं आणि दिवसातून अनेकदा मोजून स्वतःच्या साखरेचा माग काढला. पुढे ते स्वतः डॉक्टर झाले. त्यांच्या गोष्टीतलं यंत्र सगळ्यांना आठवतं. मला त्यांनी सातत्यानं लिहून ठेवलेले आकडे मोठे वाटतात.

12. नोंदी आईच्या आहेत

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी रोजचा आकडा टाकत असे. काळजीपोटीच. एकदा आईनं विचारलं, "हाई समदासले दिसस का?" हो म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात 2023 मध्ये आला. त्यातली संमती हा शब्द मी कामाच्या ठिकाणी व्यापाऱ्यांना समजावून सांगते, आणि घरात आईला कधी विचारलंच नव्हतं. ग्रुपवर टाकणं बंद केलं. मग तिच्याशेजारी बसून एकेक नाव घेतलं. दादाला सगळं दिसेल. मला सगळं दिसेल. भाच्याला आकडे दिसतील, खाणं नाही. डॉक्टरांना ते एक पान. वहिनीला डोसाची वेळ झाली की सूचना. हे सगळं एका वेगळ्या टेबलात आहे, आणि ते तिच्या सांगण्यावरूनच बदलतं.

उठता उठता ती म्हणाली, त्या रिकाम्या जागेच्या कारणांत आणखी एक घाल. कुठलं, असं विचारलं. "माले सांगानं नही."

मी ते घातलं. डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि पुढचा आकडा वाचला. जेवणानंतरच्या मोजण्या पूर्वी तीन महिन्यांत 8 होत्या, त्या वर्षीच्या नोंदींत त्या 140 झाल्या. 'सांगायचं नाही' एकूण दोनदाच आलं आहे, दोन्ही आखाजीच्या दिवसांत.